नदी चार किलोमीटर लांब, तरी प्लॉटमध्ये पाणी शिरेल का? (जळगाव, धुळे, चाळीसगाव वगैरे)

शेवभाजी (धागाकर्ता)
१४ जून, रात्री ९:५०

मंडळी, मी पुण्यात नोकरीला, आई-आप्पा जळगावला. सध्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आप्पांचे गुडघे आता जिने मानत नाहीत. म्हणून शहराबाहेर नव्याने पडलेल्या एका लेआउटमध्ये प्लॉट घेऊन बैठं घर बांधायचा विचार आहे. एनए झालेला आहे, रस्ते पडलेत, भाव आजूबाजूपेक्षा बराच कमी. कमी का, असं विचारलं तर एजंट म्हणे, "दक्षिणमुखी आहे ना साहेब, म्हणून."

प्लॉटच्या मागे ओपन स्पेस आहे. तिथे सिमेंटचे दोन पाईप टाकून वर मुरूम भरून सपाट केलंय. मामांचं म्हणणं, तिथून पूर्वी नाला जायचा, ते लहानपणी तिथे बैल धुवायचे. एजंटला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. "गिरणा इथून चार किलोमीटर! लोक टँकर मागवतात इथं, आणि तुम्ही पुराचं विचारता?"

इसार द्यायच्या आधी हे नक्की तपासायचं कसं? कोणते कागद, कोणतं ऑफिस, आणि स्वतःच्या डोळ्यांनी काय बघायचं? जाणकारांनी सांगावं.

वांग्याचं_भरीत
१४ जून, रात्री १०:१५

एजंटचं काही चुकलं नाही. जळगाव जिल्ह्याची वर्षाची सरासरी ७०० मिमीच्या अलीकडे-पलीकडे, धुळ्याची त्याहून कमी. आमच्याकडे पाऊस आला तर लोक पेढे वाटतात. पुण्यात राहून तुम्हाला सगळीकडे पूर दिसायला लागलाय. भाव चांगला आहे तर घ्या आणि मोकळे व्हा, सहा महिन्यांनी तोच प्लॉट दीडपट होईल.

तितूरकाठ
१४ जून, रात्री १०:४०

भरीत भाऊ, एकदा चाळीसगावले या. चहा पाजतो आणि दुकानाच्या भिंतीवरची रेघ दाखवतो.

३० ऑगस्ट २०२१ ची रात्र. आमच्या गावात तसा पाऊस होता, पण काही फार नव्हता. खरा पाऊस झाला तो वर, कन्नडच्या अंगाला, सातमाळ्याच्या डोंगरात. कन्नड घाटात दरड कोसळली, धुळे-सोलापूर रस्ता बंद. ते सगळं पाणी तितूर आणि डोंगरी या दोन नद्यांनी गावात आणलं. नद्या म्हणजे काय, तर उन्हाळ्यात तिथे पोरं क्रिकेट खेळतात. पहाटे शटरखालून पाणी आत यायला लागलं आणि माल वर चढवायला हातात अर्धा तासही नव्हता. शेकडो जनावरं वाहून गेली तालुक्यात. वर पाऊस, खाली पूर. सप्टेंबरात पाणी परत आलं ते निराळंच.

आमचे आजोबा म्हणायचे, नदीले पानी नही म्हनीसन तिना रस्ता कोनी लेवानं नही. आम्ही घेतला. दोन्ही बाजूंनी टपऱ्या, मग पत्र्याची दुकानं, मग स्लॅब.

वांग्याचं_भरीत
१४ जून, रात्री १०:५२

वाईट झालं, मान्य. पण चाळीसगाव डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि दोन नद्या गावातून जातात. धागाकर्त्याच्या प्लॉटजवळ नदीच नाही. उगाच घाबरवू नका.

काळी_माती
१५ जून, सकाळी ७:२०

स्थापत्य अभियंता आहे, पाणी आणि ड्रेनेजची कामं करतो. सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, सरासरी बाजूला ठेवा. ७०० मिमी पाऊस चार महिन्यांत रोज थोडा थोडा पडला तर कुणाच्या अंगणातही साचणार नाही. आपल्याकडे तो तसा पडत नाही. पंधरा-वीस दिवस खडखडीत ऊन आणि मग एका संध्याकाळी तासाभरात ४०-५० मिमी. हवामान खात्याच्या हिशोबात २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर गेला की 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार'. पण शहराला २४ तासांचा आकडा फारसा उपयोगाचा नाही, गटारीला तासाचा आकडा कळतो. मुंबईची ब्रिटिश काळातली गटारं तासाला २५ मिमीच्या हिशोबाने बांधलेली होती, ती पुढे ५० च्या हिशोबाने वाढवायला घेतली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पडला तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. त्यानंतरच देशात शहरी पूर हा नदीच्या पुरापेक्षा वेगळा विषय म्हणून हाताळायला सुरुवात झाली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये त्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचनाच काढल्या.

दुसरी गोष्ट, माती. आपली काळी माती कोरडी असते तेव्हा तिला हातभर भेगा असतात आणि पहिला पाऊस ती गटागटा पिते. एकदा फुगली की भेगा मिटतात आणि वरचं पाणी आत जायचं जवळजवळ थांबतं. म्हणून जूनच्या पावसात न तुंबणारी जागा ऑगस्ट-सप्टेंबरच्या तेवढ्याच पावसात तुंबते. जूनमध्ये प्लॉट बघून "कोरडा आहे" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

तिसरी आणि तुमच्या कामाची. एक हेक्टरवर ५० मिमी पाऊस म्हणजे ५ लाख लिटर पाणी. शेत असेल तर त्यातलं तिसरा हिस्सा वाहतं असं ढोबळ धरा. तिथेच काँक्रीटचे रस्ते, फरसबंद अंगणं, स्लॅब आले की निम्म्याहून जास्त वाहतं आणि लवकर वाहतं. पाऊस तोच, नाला तोच, पाणी दुप्पट. त्यात नाला पाईपात घातलेला.

त्या पाईपांचा व्यास किती आणि नाल्याच्या वरच्या अंगाला किती जमिनीचं पाणी तिथे येतं, एवढं कळलं तर हिशोब मांडून देतो.

सातबारा
१५ जून, सकाळी ९:०५

महसूल खात्यातून निवृत्त आहे. कागदांचं मी सांगतो.

तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा नकाशा आणि तुमच्या गटाचा नकाशा काढा. गाव नकाशात नाला दोन समांतर रेघांनी दाखवलेला असतो आणि त्याला बहुतेक गट नंबर नसतो, कारण तो कुणाच्या मालकीचा नसतोच. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणे नदी-नाल्याचं पात्र सरकारचं. तेव्हा "मालकाने नाला विकला" असं कुणी म्हणालं तर त्याला विकायला तो त्याचा नव्हताच.

मग लेआउट होण्याआधीचा जुना सातबारा बघा. आत्ताचा नको, त्यात फक्त प्लॉट नंबर दिसतील. जुन्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) किती आणि कोणत्या वर्गाचा ते पाहा. 'ब' वर्ग म्हणजे रस्ते, पाण्याचे प्रवाह, तळी असल्या सार्वजनिक गोष्टींसाठी सोडलेली जमीन. शेत सपाट आणि पोटखराबा मोठा, असं दिसलं की विचारायचं, की ही जमीन गेली कुठे?

त्यानंतर मंजूर लेआउटची प्रत. एजंटच्या हातातलं रंगीत पॅम्फ्लेट नव्हे, सही-शिक्क्याची प्रत. गाव नकाशा आणि लेआउट एकाच मापाला आणून एकमेकांवर ठेवा, खिडकीच्या काचेला लावून बघितलं तरी चालतं. नाला कुठून कुठे जात होता आणि आता तिथे कोणता प्लॉट नंबर आहे हे पाच मिनिटांत कळतं. मी नोकरीत असताना हे कुणी करायला आलेलं बघितलं नाही. मुलीची पत्रिका चार ठिकाणी दाखवतील, पण जमिनीचा नकाशा कुणी काढत नाही.

धुळेकर_देवपूर
१५ जून, सकाळी ११:३०

पूररेषेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. निळी आणि लाल अशा दोन रेषा असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचेल ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणारा जिथवर जाईल ती लाल. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, बांधकाम नाही. निळी ते लाल यांच्या मध्ये नियंत्रित क्षेत्र, तिथे अटींवर परवानगी. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित बांधकाम नियमावलीत तिथलं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच हवं अशी अट आहे.

आमच्याकडे पांझरा शहराच्या मधून जाते. इकडे जुनं धुळं, तिकडे देवपूर. वर साक्री तालुक्यात लाटीपाडा, मालनगाव, जामखेली ही धरणं भरली की त्यांचं पाणी अक्कलपाडा धरणात येतं आणि अक्कलपाड्याचे दरवाजे उघडले की धुळ्यातले फरशी पूल पाण्याखाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तेच झालं. आणि हे काही हल्लीचं नाही. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरेला असा पूर आला की धुळ्यातली पाचशेच्या आसपास घरं वाहून गेली, गॅझेटियरमध्ये नोंद आहे. तेव्हा ना धरण होतं, ना अतिक्रमण, ना प्लास्टिक. त्यामुळे "पूर्वी असं नव्हतं हो" म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. पूर्वीही होतं, फक्त नदीच्या अंगावर इतकी माणसं नव्हती.

वांग्याचं_भरीत
१५ जून, दुपारी १२:१०

१०० वर्षांतून एकदा! म्हणजे आप्पा, धागाकर्ते आणि त्यांची मुलं, सगळ्यांचं आयुष्य निघून जाईल. इतकं लांबचं कोण बघतं?

काळी_माती
१५ जून, दुपारी १:००

हा गैरसमज इतका पसरलाय की उत्तर द्यावंच लागेल. '१०० वर्षांतून एकदा' याचा अर्थ एकदा आला की शंभर वर्षं सुट्टी, असा नाही. दर वर्षी १ टक्का शक्यता, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेवढीच. २५ वर्षांच्या पुराची दर वर्षी ४ टक्के.

गृहकर्ज समजा ३० वर्षांचं. हप्ते फिटेपर्यंत २५ वर्षांवाला पूर एकदा तरी येण्याची शक्यता किती? न येण्याची शक्यता ०.९६ चा ३० वा घात, म्हणजे साधारण ०.२९. येण्याची ७१ टक्के. शंभर वर्षांवाला धरला तरी २६ टक्के, चारात एक. चारात एक वेळा अपघात होतो अशा बसमध्ये तुम्ही आईला बसवाल का?

शिवाय हे आकडे मागच्या पावसाच्या नोंदींवरून काढलेले असतात. वरच्या अंगाला कॉलन्या झाल्या की जुना २५ वर्षांचा पूर लवकर लवकर यायला लागतो.

आणि धुळेकर, पूररेषा आखल्या जातात त्या प्रामुख्याने नद्यांच्या. शहरातल्या बहुतेक नाल्यांना पूररेषाच नसते. म्हणून "आमचा प्लॉट पूररेषेत नाही" हे वाक्य खरं असूनही घरात पाणी येऊ शकतं. एजंट लोक याच फटीतून निसटतात.

माहेर_शिरपूर
१५ जून, दुपारी ३:४५

आम्ही धुळ्यात एका कॉलनीत राहतो, नदी लांब. तरी एका पावसाळ्यात घरात पाणी आलं आणि ते दारातून नाही, संडासाच्या भांड्यातून आलं. रस्त्यावरची गटार भरली की पाणी उलटं पाईपातून घरात येतं, हे तोवर आम्हाला माहीतच नव्हतं. नंतर बाहेरच्या चेंबरला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. घर बांधतानाच बसवला तर खर्च अगदी थोडा, नंतर फरशी फोडून बसवायचा म्हणजे वैताग.

तेव्हा शिकलेल्या आणखी काही गोष्टी. मीटर आणि मेन स्विच छातीच्या वर घ्या. इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर ठेवू नका. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पाण्याचा हौद. सगळ्यांकडे जमिनीत हौद असतो आणि त्याचं झाकण अंगणाच्या पातळीला. घाण पाणी त्यात उतरलं की कॉलनीभर पाणी आणि प्यायला थेंब नाही. हौदाला फूट-दीड फूट उंच कठडा करून वर झाकण घ्या. पाणी ओसरल्यावर हौद उपसून, घासून, ब्लीचिंग घालून मगच भरा. आमच्या गल्लीत ज्यांनी घाई केली त्यांच्या घरी आठवडाभर जुलाब.

गाडी पाण्यात बुडली असेल तर चावी फिरवून बघू नका. इंजिनात पाणी असताना सुरू केली तर इंजिन जातं, आणि साध्या विम्यात ते नुकसान बहुधा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं. नुसत्या थर्ड पार्टीत तर काहीच मिळत नाही.

भुसावळकर_तापी
१५ जून, सायंकाळी ६:२०

तापीचंही थोडं लिहितो, कारण दर पावसाळ्यात "हतनूरचे सगळे दरवाजे उघडले" अशी बातमी येते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लोक घाबरतात. हतनूर धरणाला ४१ दरवाजे आहेत. तापी आणि पूर्णा चांगदेवला मिळतात आणि पाणी हतनूरमध्ये येतं. धरणाच्या साठ्याच्या मानाने येणारं पाणी प्रचंड असतं, त्यामुळे पावसाळ्यात दरवाजे उघडणं ही तिथली नेहमीची गोष्ट आहे. वर बऱ्हाणपूरकडे आणि विदर्भात अकोला-बुलढाण्याकडे पाऊस किती झाला ते बघितलं की इकडे काय येणार याचा अंदाज बांधता येतो. केंद्रीय जल आयोग बऱ्हाणपूर, गिधाडे, सारंगखेडा अशा ठिकाणी तापीची पातळी मोजतो.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. साडेअकरा हजार क्युसेक दिवसभर सोडले की एक टीएमसी (शंभर कोटी घनफूट) पाणी जातं. बातमीतला आकडा वाचताना एवढं डोक्यात ठेवा. ऑगस्ट २००६ मध्ये खाली गुजरातेतल्या उकाई धरणातून ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि सुरतचा बहुतेक भाग बुडाला. सुरतेत आपली खान्देशी माणसं किती आहेत ते सांगायला नको. लिंबायत-उधन्यात गल्लोगल्ली अहिराणी ऐकू येते, तेव्हा प्रत्येक गावातून कुणी ना कुणी अडकलेलं होतं.

आपल्या पट्ट्यात तापीचे काठ उंच, नदी खोल खणलेली, त्यामुळे ती गावात सहसा चढत नाही. पण तापी भरून वाहायला लागली की तिला मिळणाऱ्या नद्या-नाल्यांचं पाणी मागे फुगतं. काठच्या गावांना त्रास होतो तो या मागे आलेल्या पाण्याचा.

रंगावली
१५ जून, रात्री ८:०५

नंदुरबार जिल्हाही खान्देशातच आहे बरं का मंडळी :) ऑगस्ट २०१८ मध्ये नवापूरला रंगावली नदीने जे केलं ते इथे कुणाच्या लक्षात आहे का? माणसं गेली होती. तिथेही पाऊस डोंगरात आणि पाणी रात्रीतून गावात.

शेवभाजी
२१ जून, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. आठवडाभरात बरंच झालं, अपडेट देतो.

मामेभावाला पाठवून गाव नकाशा काढला. सातबारा साहेबांनी सांगितल्याप्रमाणे खिडकीला लावून बघितला. नाला आहे! दोन रेघा ओपन स्पेसमधून जातात आणि पुढे वळून माझ्या प्लॉटच्या मागच्या कोपऱ्याला चिकटून रस्त्याखाली जातात. गुगल अर्थवर जुनी चित्रं मागे मागे नेऊन पाहिली तर तिथे बाभळींची वाकडी रांग स्पष्ट दिसते, मग एका वर्षी ती रांग गायब आणि जागी पांढरा मुरूम.

पाईप ९०० मिमीचे आहेत, दोन. भावाने टेपने मोजले. एकाच्या तोंडाशी गोणपाट आणि थर्माकोल अडकलेलं होतं. वरच्या अंगाची जमीन मी गुगल अर्थवर उतार बघत आखली, साधारण ६० हेक्टर येते. त्यातल्या निम्म्यावर कॉलन्या झाल्यात, बाकी निम्मी एनए व्हायच्या वाटेवर आहे म्हणतात. एजंटने आज फोन करून भाव आणखी कमी केला.

काळी_माती
२१ जून, रात्री १०:३०

एवढं काम करणारा धागाकर्ता क्वचितच मिळतो. घ्या हिशोब. ढोबळ आहे, पण दिशा कळते.

सूत्र सोपं आहे. वाहून जाणारा भाग गुणिले पावसाचा वेग (तासाला मिमी) गुणिले क्षेत्र (हेक्टर), भागिले ३६०. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येतं. पाऊस तासाला ५० मिमी धरला.

सगळी शेती होती तेव्हा ०.३ गुणिले ५० गुणिले ६० भागिले ३६० म्हणजे २.५ घनमीटर. सगळीकडे कॉलन्या झाल्या की ०.३ च्या जागी ०.६ घाला. ५ घनमीटर.

आता पाईप. ९०० मिमीचा सिमेंट पाईप, दोनशे फुटांना एक फूट उतार, आतून स्वच्छ, काठोकाठ भरून वाहिला तर सेकंदाला १.२५ ते १.३ घनमीटर नेतो. दोन मिळून अडीचच्या थोडं वर. म्हणजे ज्याने पाईप टाकले त्याने शेतीच्या दिवसांचा हिशोब केला असेल तर तो अगदी बरोबर केला होता! वरचे लेआउट पूर्ण झाले की निम्मं पाणी पाईपात मावणार नाही. ते कुठून जाणार? जिथून आधी जात होतं तिथूनच, मुरुमावरून, तुमच्या मागच्या कोपऱ्याशी. गोणपाट-थर्माकोल मी धरलेलंच नाही. आज निम्म्यावर कॉलन्या आहेत, म्हणजे पावणेचार घनमीटर, तेव्हा एवढ्या पावसात स्वच्छ पाईपही आत्ताच कमी पडतात. एक पाईप अर्धा चोंदला की याहून कमी पावसातही पाणी वर येईल.

हिशोबात तुमचा नुसता आताचा प्लॉट बघू नका, पंधरा वर्षांनंतरचा बघा. आणि तोवर नाल्याचं रुंदीकरण करायला जागाच उरलेली नसेल, कारण दोन्ही बाजूंना कंपाउंड वॉल झालेल्या असतील.

वांग्याचं_भरीत
२२ जून, सकाळी ८:१०

ठीक आहे, हा प्लॉट नको. पण एक सांगा. शेवभाजींना पुण्याचा पगार आहे, ते दुसरा प्लॉट घेतील. तो प्लॉट मग कुणीतरी घेणारच, ज्याला तेवढाच परवडतो तो. नाल्याच्या कडेला पत्र्याची घरं कोणाची असतात? त्यांना काय गाव नकाशा काढायला सांगणार? तुमचं सगळं शास्त्र वरच्या जागेवर राहणाऱ्यांच्या कामाचं आहे.

धुळेकर_देवपूर
२२ जून, सकाळी ९:४०

भरीत, पहिल्यांदा तुमच्याशी सहमत. नदीकाठी जे राहतात ते हौसेने राहत नाहीत. कामाची जागा जवळ, भाडं कमी. पावसाळ्याआधी त्यांना 'स्थलांतर करा' अशी नोटीस मिळते. जायचं कुठे ते नोटिशीत नसतं.

काळी_माती
२२ जून, सकाळी ११:१५

प्रश्न रास्त आहे. धोका मोजताना तीन गोष्टी लागतात. पाणी येईल का, आलं तर काय काय भिजेल, आणि भिजलं तर तो माणूस किती दिवसांत सावरेल. नाल्याकाठच्या घरात फ्रीज नसेल, पण रेशनकार्ड, पोराची दहावीची मार्कशीट आणि आठवड्याची मजुरी बुडते. रुपयांत नुकसान कमी दिसतं, सावरायला वर्ष लागतं. आपले पंचनामे फक्त रुपये मोजतात.

महापालिकेने करायचं ते खर्चिकही नाही. नाल्यांचा नकाशा करून प्रत्येक पाईप, प्रत्येक मोरी (रस्त्याखालून पाणी नेणारा छोटा पूल) किती पाणी नेते ते त्यावर लिहायचं. नवीन लेआउट मंजूर करताना, वाढलेलं पाणी कुठे जिरवणार किंवा कुठे थांबवणार हे दाखवल्याशिवाय सही द्यायची नाही. ओपन स्पेस उंच भरून तिथे बाकडी टाकण्यापेक्षा ती दोन फूट खोल ठेवली तर पावसात तासभर पाणी थांबेल, एरवी पोरं खेळतील. मेहरूणसारखे तलाव आहेत त्यांच्याकडे येणारे ओहोळ बुजू द्यायचे नाहीत. आणि नालेसफाई मे महिन्यात फोटो काढण्यापुरती नको. पहिल्या मोठ्या पावसानंतर दुसऱ्यांदा करायची, कारण वर्षभराचा कचरा तेव्हाच वाहून पाईपाच्या तोंडाशी येतो.

बोरीकाठी_अमळनेर
२२ जून, दुपारी १:२०

शिरपूर पॅटर्नसारखे नाले खोल-रुंद केले तर शहराचा पूर कमी होणार नाही का?

काळी_माती
२२ जून, दुपारी २:००

ते काम पाणी अडवून जमिनीत मुरवण्याचं आहे. शहराच्या वरच्या शिवारात केलं तर सुरुवातीच्या पावसाचं पाणी तिथे थांबेल, फायदा आहे. पण बंधारे भरलेले असताना मोठा पाऊस आला तर ते पुढे पाणी रोखत नाहीत. आणि शहरात नाला खोल करून पुढची मोरी तशीच अरुंद ठेवली तर पाणी फक्त त्या मोरीपाशी लवकर पोचतं.

तितूरकाठ
२२ जून, दुपारी ४:३०

पंचनाम्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. पाणी ओसरलं की लोक लगेच झाडलोट करायला घेतात. थांबा. आधी भिंतीवरची पाण्याची रेघ, भिजलेला माल, मीटर, सगळ्याचे मोबाइलवर फोटो काढा, मग झाडू हातात घ्या. आमच्याकडे तलाठी येईपर्यंत अर्ध्या लोकांनी चिखल काढून टाकला होता, मग दाखवणार काय? कपडे-भांड्यांच्या मदतीच्या निकषात घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली असावं अशी अट असते. आमच्याकडचं पाणी दुपारपर्यंत निघून जातं, ते काय दोन दिवस थांबतंय? मोठ्या पुराच्या वेळी सरकार निर्णय काढून ती अट शिथिल करतं, पण त्याची वाट बघावी लागते.

दुकानाचा विमा काढा भो. २०२१ च्या एप्रिलपासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि छोट्या व्यवसायासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' अशा ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी सगळ्या कंपन्यांना ठेवाव्या लागतात, त्यात पूर धरलेला आहे. फक्त मालाची किंमत कमी लिहून हप्ता वाचवू नका, भरपाई पण त्याच मापात कमी होते.

जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७. आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळ्यात आहे, ती येते. पण रस्ते पाण्याखाली असले तर पोचायला वेळ लागतो, पहिले दोन तास शेजारीच कामाला येतात.

शेवभाजी
२६ जून, रात्री ९:००

तो प्लॉट सोडला. एजंट आता फोन उचलत नाही, बरंच आहे. दुसरा एक बघितलाय, थोडा महाग, चढावर. गाव नकाशात नाला नाही. लेआउटची प्रत मागितली आहे. आणखी काय बघू?

सातबारा
२६ जून, रात्री ९:४०

महापालिकेच्या नगररचना विभागाकडून झोन दाखला (जमीन कोणत्या वापराची ते सांगणारा) घ्या. नदीपासून कितीही लांब असला तरी जलसंपदा विभागाला लेखी अर्ज द्या, की गट नंबर अमुक पूररेषेत येतो का. तोंडी उत्तर घेऊ नका. पोच घ्या, तारखेसकट.

माहेर_शिरपूर
२६ जून, रात्री १०:०५

शेजारच्या घरांची जोती बघा. जुन्या रहिवाशांनी एक-दोन पायऱ्या नंतर वाढवलेल्या दिसल्या, किंवा दाराला आडवी फळी बसवायच्या खाचा असल्या, तर काहीही न विचारता उत्तर मिळतं. आणि विचारायचं असेल तर बायकांना विचारा. पुरुष "तसं काही नाही" म्हणतात, बायकांनी पाणी उपसलेलं असतं.

काळी_माती
२६ जून, रात्री १०:५०

चढावर आहे हे डोळ्यांनी ठरवू नका, भरावाने जमीन फसवते. स्थानिक सर्व्हेअरकडून ऑटो लेव्हल लावून चार कोपरे, समोरचा रस्ता आणि जवळची मोरी यांच्या पातळ्या घ्या, अर्ध्या दिवसाचं काम आहे. जोतं रस्त्याच्या आजच्या पातळीवरून धरू नका. दर डांबरीकरणाला रस्ता वर येतो आणि घरं खड्ड्यात जातात. निदान दोन-अडीच फूट ठेवा, आणि आप्पांचे गुडघे लक्षात घेऊन पायऱ्यांऐवजी लांब उताराचा रॅम्प करा.

हवामान खात्याने जळगावला ऑरेंज अलर्ट दिला की मामेभावाला छत्री देऊन तिथे पाठवा. पाऊस चालू असतानाच पाठवा, थांबल्यावर नको. पाणी कुठून येतं, कुठे वळतं, किती वेळ थांबतं याचा व्हिडिओ काढायला सांगा आणि तो इथे टाका. तोवर इसार देऊ नका.